पैसे भरलेले, मशीन धडधाकट, तरी पाणी बंद

"अटी नीट वाचायच्या होत्या ना ताई." आईचं पाण्याचं मशीन बंद पडल्याच्या माझ्या तक्रारीवर आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर आज दुपारी एका दादांनी मला हे ऐकवलं. खाली दोघातिघांचे लाइक. तेव्हापासून डोकं फिरलंय म्हणून लिहायला बसलेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

झालं असं. नागपुरात नंदनवनला माझी आई एकटी राहते. पंच्याहत्तरी ओलांडलेली. नळ येतो तेवढा वेळ येतो, बाकी बोअरचं पाणी, आणि मागे तिला मुतखड्याचा त्रास झाल्यावर डॉक्टरांनी बोअरचं पाणी प्यायला मनाई केली. म्हणून तिच्याकडे भाड्याचं आरओ मशीन बसवलं. दर महिन्याला खात्यातून पैसे आपोआप कापले जातात, फिल्टर कंपनी बदलते, मशीन कंपनीच्याच मालकीचं. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, तक्रारीत लिहिलंय.

परवा सकाळी मशीनचा निळा दिवा लाल झाला आणि पाणी बंद. वीज होती. वरची टाकी भरलेली होती. या महिन्याचे पैसे कधीच कापले गेलेत, बँकेचा मेसेज माझ्या मोबाईलवर आहे. मशीनमध्ये बिघाड शून्य. आईच्या गल्लीत सिमेंट रोडसाठी खोदून ठेवलंय, त्या खोदकामात वायफायची केबल तुटली, एवढंच काय ते कारण. मशीनला काही दिवस इंटरनेट मिळालं नाही, कंपनीच्या सर्व्हरशी त्याचा संपर्क झाला नाही, म्हणून त्याने पाणी देणं थांबवलं. मे महिन्यात. नागपुरात. पारा पंचेचाळीसच्या वर असताना एका म्हाताऱ्या बाईचं पिण्याचं पाणी बंद!

आणि मी अटी वाचायच्या होत्या.

अहो दादा, वाचल्या असत्या तर काय झालं असतं? त्यातली एखादी अट खोडून बाकीच्यावर सही करायची सोय असते का? "मला मान्य आहे" एवढं एकच बटण असतं. ते दाबा नाहीतर मशीन नेऊ नका. याला करार म्हणतात?

आपल्याकडे यावर कायद्याने विचार केलेलाच नाही असंही नाही. बिल थकलं म्हणून वीज तोडायची असेल तर वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे आधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ज्याने पैसे थकवलेत त्यालासुद्धा! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २९ सांगतं की घरमालकाने सबळ कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी, वीज तोडायची नाही. ज्याच्या हातात दुसऱ्याच्या नळाची चावी आहे त्याच्यावर बंधन हवं, एवढी समज हे कायदे करणाऱ्यांना होती. मग तीच चावी एखाद्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये गेली की हे सगळं कुठे जातं? आईने एक रुपया थकवलेला नाही. तिला नोटीस सोडा, लाल दिव्याखाली इंग्रजीत एक ओळ आली, ती तिला चष्मा लावूनही वाचता आली नाही.

इंटरनेट गेलं तर मशीनने चालू राहायचं की बंद पडायचं, हे निसर्गनियमाने ठरत नाही हो. कुणीतरी ऑफिसात बसून ठरवलेलं असतं. संपर्क तुटला म्हणजे एकतर ग्राहकाकडचं नेट गेलंय, नाहीतर तो मुद्दाम वायफाय बंद करून फुकट पाणी पितोय. यातलं दुसरं धरून चालायचं असं त्यांनी ठरवलं. एखाद्या लबाडाने चार लिटर पाणी जास्त पिऊ नये म्हणून सगळ्या प्रामाणिक लोकांचं पाणी तोडायची तयारी. कोर्टात खुनाच्या आरोपीलाही संशयाचा फायदा मिळतो. माझ्या आईला तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात तो मिळाला नाही. कंपनीने तो स्वतःच्या पदरात पाडून घेतला. माझा सगळा राग इथे आहे. बाकी किंमत, सर्व्हिस, उशीर वगैरे मी सोडून दिलं असतं.

हेल्पलाइनला फोन लावला. आधी एक दाबा, मग दोन दाबा, मग गाणं, मग एक मुलगी. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅम, असा इश्यू आमच्याकडे दुसऱ्या कुणाचा आलेला नाही."

हे वाक्य ऐकलं आणि मला ब्रिटनच्या पोस्टाचं प्रकरण आठवलं. ज्यांना माहीत नसेल त्यांनी जरूर शोधून वाचा. १९९९ पासून तिथल्या पोस्टाच्या शाखांमध्ये होरायझन नावाची हिशेबाची यंत्रणा बसवली, फुजित्सू कंपनीची. ती चुकायची. नसलेली तूट दाखवायची. शाखा चालवणारी साधी माणसं सांगत राहिली की आम्ही पैसे घेतलेले नाहीत, पण कॉम्प्युटर सांगतो ते खरं आणि माणूस खोटा हे आधीच ठरलेलं. ९०० हून जास्त लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरवलं गेलं. लोकांनी कर्ज काढून, घरदार विकून न झालेली तूट भरून दिली. सीमा मिश्रा नावाच्या बाईंना २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात पाठवलं, तेही मुलाच्या दहाव्या वाढदिवसाला. त्यांच्यावरचा डाग पुसायला २०२१ उजाडलं. सॉफ्टवेअरमध्ये दोष होते हे हायकोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं, आणि उरलेल्या शेकडो लोकांची शिक्षा एकगठ्ठा रद्द करायला संसदेला २०२४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. एवढी वर्षं! आणि हेल्पलाइनवर फोन करणाऱ्या कितीतरी जणांना सांगितलं जायचं, की हा त्रास फक्त तुम्हालाच होतोय.

फक्त तुम्हालाच. माणसाला एकटं पाडायला याहून सोपा उपाय नाही. ज्याला असं सांगतात तो मशीन सोडून स्वतःवरच संशय घ्यायला लागतो.

मान्य, कुठे तो तुरुंग आणि कुठे आमचं दोन हंडे पाणी. पण खोड तीच आहे. आईने सकाळी बंद पडलेल्या मशीनबद्दल मला संध्याकाळपर्यंत सांगितलंच नाही. का, तर तिला वाटलं तिनेच काहीतरी बिघडवलं. "माह्याच हातून काई दाबल्या गेलं असंन बाई, तू उगाच ओरडशीन." भर उन्हात डोक्यावर पदर घेऊन शेजारच्या काकूंकडून पाणी आणत होती. जिने आम्हाला चौघा भावंडांना वाढवलं, सायकलवर शाळेत नोकरीला गेली, ती बाई एका लाल दिव्यापुढे अपराधी होऊन बसली होती. मला हे लिहितानाही गलबलून येतंय.

आणि हे पाण्याच्या मशीनपुरतं नाही. पोलंडमध्ये नेवाग कंपनीच्या रेल्वेगाड्या २०२२ मध्ये दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला गेल्या. दुरुस्ती नियमाप्रमाणे झाली, सगळे भाग जागच्या जागी, पण गाडी जागची हलेना. वर्कशॉपवाल्यांनी शेवटी तीन हॅकर मुलांना बोलावलं. त्यांनी गाडीचं सॉफ्टवेअर उकलून पाहिलं तर म्हणे आत प्रतिस्पर्धी वर्कशॉपचे जीपीएस पत्ते लिहून ठेवलेले! गाडी तिथे ठरावीक दिवस उभी राहिली की आपोआप बंद. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी हे जगासमोर मांडलं. कंपनीने सगळं नाकारलं आणि उलट त्या मुलांनाच कोर्टात खेचलं. जनतेच्या पैशाने घेतलेली गाडी, पण कुठे उभी राहिलेली चालेल हे बनवणारा ठरवणार. प्रिंटर दुसऱ्या कंपनीची शाई नाकारतात ते तर आपण सवयीने सोडूनच दिलंय. तिथूनच हे इथपर्यंत आलं.

ग्रुपवर आणखी एकाने लिहिलं, आता सरकारं कडक झालीत, कंपन्यांना मोठे दंड बसतायत. बघू या किती मोठे. अमेझॉनवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने खटला भरला होता, लोकांना कळू न देता प्राइमचे सभासद करून घेतलं आणि बाहेर पडणं अवघड करून ठेवलं म्हणून. कमिशनचं म्हणणं, सभासदत्व रद्द करायला चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय ओलांडावे लागायचे, आणि कंपनीच्या आत या वाटेला नाव दिलं होतं 'इलियड', ट्रॉयच्या युद्धाच्या महाकाव्यावरून. म्हणजे ग्राहकाला दमवायचं हे ठरवूनच. सप्टेंबर २०२५ मध्ये २.५ अब्ज डॉलरवर तडजोड झाली. गुन्हा कबूल केला नाही. रुपयात २२ हजार कोटींच्या आसपास, ऐकायला डोळे दिपतात. पण कंपनीचा २०२४ चा निव्वळ नफा ५९ अब्ज डॉलर होता. वर्षाचा हिशेब मांडा, पंधरा-सोळा दिवसांत वसूल. हा दंड झाला? माझ्या मते तो धंद्याचा खर्च झाला.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये १३ प्रकारच्या डार्क पॅटर्नवर बंदी घातली, म्हणजे ग्राहकाला गंडवायला ॲपमध्ये केलेल्या चलाख रचनांवर. वर्गणीच्या जाळ्यात अडकवणं त्यात आहे, बळजबरीने काही करायला लावणं आहे. नियम चांगले आहेत, ते मान्य. पण पुढे काय? नोव्हेंबर २०२५ मध्ये २६ ई-कॉमर्स कंपन्यांनी लिहून दिलं की आमच्याकडे असलं काही नाही. स्वतःच तपासलं, स्वतःच जाहीर केलं. आमच्या मुलांना कुणी स्वतःचा बोर्डाचा पेपर स्वतः तपासू देईल का? आणि आईच्या मशीनसारख्या, ॲपमधून निघून थेट घराच्या भिंतीवर येऊन बसलेल्या वस्तूंचं काय? तिथे कोण बघतंय?

जरा शांत होते.

काल दुपारी कंपनीचा मुलगा आला. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, पाठीवर फिल्टरची जड बॅग, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. मला वाटलं आता मशीन खोलेल, काहीतरी तपासेल. त्याने बॅगची चेनसुद्धा उघडली नाही. खिशातून स्वतःचा मोबाईल काढला, हॉटस्पॉट लावला, मशीन त्याला जोडलं आणि उभा राहिला. थोड्या वेळाने लाल दिवा निळा झाला, नळाला धार आली. झालं, दुरुस्ती संपली! मी बघतच राहिले. तो म्हणाला, "मशीन तर चांगलीच हाये ताई. माह्या हातात काई नाई जी, वरतून खुलते ते." हे त्याच्या स्वतःच्या रिचार्जवर. आईने त्याला बसवून मठ्ठा दिला. जाताना संकोचून म्हणाला, फाइव्ह स्टार द्याल ताई, नाहीतर पुढचे कॉल कमी येतात. दिले. त्याच्यावर चिडून काय करू? पंचेचाळीस डिग्रीत गाडी हाणत फिरतो आणि लोकांच्या शिव्या खातो, ज्यांनी हे ठरवलं त्यांच्या वाटच्या. हेल्पलाइनच्या मुलीलाही जे वाक्य दिलेलं असतं तेच ती बोलते.

आता कुणीतरी म्हणेल, एकदम पंधरा-वीस हजार घालण्यापेक्षा महिन्याचं भाडं परवडतं. परवडतं, म्हणूनच घेतलं. पैसे न देणाऱ्याची सेवा कंपनीने बंद करावी, तेही ठीक, रीतसर कळवून. आणि "एवढं आहे तर माठ ठेवा ना" म्हणणाऱ्यांना सांगते, माठ आहेच, वाळा टाकून आहे, पण माठात पाणी कुठलं ओतायचं ते सांगा. बोअरचं?

मी काय करतेय ते लिहिते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. तिथे निपटारा झाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही आणि स्वतः उभं राहून बोलता येतं, वकील लागतोच असं नाही. भरपाईत मला रस नाही. दोन गोष्टी हव्यात. ज्या मुदतीचे पैसे भरलेत त्या मुदतीत इंटरनेट असो नसो, मशीनने पाणी दिलंच पाहिजे. आणि पाणी बंद करायचंच असेल तर आधी लेखी नोटीस, मराठीत, मोठ्या अक्षरात.

माझी एकटीची तक्रार "असा दुसरा कुणाचा आलेला नाही" म्हणत बाजूला ठेवतील, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून नागपुरात ज्यांच्याकडे असं नेटवर चालणारं मशीन आहे, पाण्याचं असो की दुसरं कुठलं, आणि पैसे भरूनही ते बंद पडलंय, त्यांनी बंद पडल्याची तारीख, दिव्याचा फोटो आणि पैसे कापल्याचा मेसेज मला इनबॉक्स करा. येत्या रविवारी सकाळी मी प्रतापनगरला घरीच आहे. ज्यांना अर्ज लिहायला जमत नाही, विशेषतः एकटे राहणारे काका-काकू, त्यांना घेऊन या. त्यांचे अर्ज मी बसून लिहून देईन.