फॉर्म बदलायचाय? आधी छापून घ्या

अभिनंदन! फॉर्म सुधारणा समितीवर तुमची वर्णी लागली. वाडीवरच्या उपकेंद्रापासून शहरातल्या मोठ्या दवाखान्यापर्यंत आणि तिथून आमच्यासारख्या बोळातल्या लॅबपर्यंत सगळ्यांनी एकच वापरायची अशी रुग्णाची संदर्भ चिठ्ठी, म्हणजे त्याला पुढच्या ठिकाणी पाठवताना द्यायचा फॉर्म, आता तुमच्या हातून घडणार. गोंधळून जाऊ नका. अशाच एका समितीच्या बैठकीला मी चैत्रात जाऊन आलोय. ‘प्रयोगशाळा प्रतिनिधी’ म्हणून बोलावलं होतं. तिथं जे शिकलो ते पदरचं न घालता सांगतो.

सुरुवात छपाईपासून करा. काही भाबडे लोक आधी कच्चा नमुना काढतात, तो दोन-चार आरोग्य केंद्रांत महिनाभर वापरून बघतात, अडलं तिथं दुरुस्त करतात आणि मग छापायला देतात. यात दोन तोटे. वेळ जातो, आणि लोकांना मतं सुचायला लागतात. आमच्या बैठकीला खुर्च्या कमी पडल्या, म्हणून दोघी आशाताई मागं भिंतीशी सुतळीनं बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यांवर टेकल्या. एका गठ्ठ्याचा कागद कोपऱ्याला फाटला होता. एकीनं बोट घालून बघितलं आणि शेजारणीला म्हणाली, “अगं, ह्यो तर नवाच फॉर्म हाय की. छापून बी झालाय.” समोर पडद्यावर त्याच फॉर्मचं पहिलं पान होतं, वर ठळक अक्षरांत ‘मसुदा’.

बैठकीची तारीख चैत्र पौर्णिमेची धरा. जोतिबाची यात्रा असते. जिल्ह्यातली निम्मी आरोग्य पथकं डोंगरावर, उरलेली त्यांच्या जागी डबल ड्यूटीवर. ज्यांच्या हातात रोज तो फॉर्म असतो त्यातला कुणी चुकूनही फिरकणार नाही.

मसुदा आदल्या रात्री पावणेदहाला व्हॉट्सॲपवर टाका. आम्हाला 46 पानांची पीडीएफ आली, सगळी इंग्रजीत, खाली ‘अभिप्राय उद्या सकाळी 10 पर्यंत’. मी लॅब बंद करून जेवायला बसलो होतो. केंद्र सरकारनं 2014 मध्ये ठरवलं होतं, की कायद्याचा मसुदा निदान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा. कुणी हे काढलंच तर सांगा, फॉर्म म्हणजे कायदा नव्हे. खरंच आहे. कायदा सगळ्यांना लागू असतो, फॉर्म फक्त आजारी माणसाला. लोकांवर परिणाम करणारा महत्त्वाचा निर्णय जाहीर करताना त्यामागची माहितीही मांडावी, असं माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 म्हणतं, 2005 पासून. म्हणू दे.

रुग्णाला बोलावू नका. तो आजारी असतो.

बाकीच्यांना बोलावल्यावर ते बोलणार. त्यासाठी तीन वाक्यं पाठ करून ठेवा: ‘सूचना स्वागतार्ह आहे’, ‘नोंद घेतली’ आणि ‘पुढच्या टप्प्यात बघू’. शिरोळकडच्या एका ताईंनी उभं राहून सांगितलं, की 2019 ला आणि 2021 ला गावं उठवली तेव्हा पेशंट एका ठिकाणी आणि चिठ्ठीवरचा पत्ता पाण्याखाली अशी गत झाली होती. तर ‘सध्या मुक्काम कुठं’ एवढी एक ओळ द्या. स्वागतार्ह, म्हणाले साहेब. मग चहा आला.

आता रकाने. कलाकारी दाखवायची जागा ही. पहिलं पाऊण पान लोगोंना द्या. नव्या फॉर्मवर मी मोजले, सात आहेत. त्याखाली घोषवाक्य. मग नाव लिहायला जी जागा उरते तिच्यात आमच्याकडच्या बाईचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव मावत नाही, तर मावू नये. पुढच्या खिडकीवर ‘नाव जुळत नाही’ म्हणायची सोय राहते. आभा क्रमांक, म्हणजे सरकारी आरोग्य खात्याचा ओळख क्रमांक, 14 आकडी असतो, त्याला 12 चौकटी द्या. (आधारची ओळ उचलून चिकटवली की हे आपोआप जमतं.) उरलेले दोन आकडे समासात लिहायचे आणि कॉम्प्युटरवरच्या पोरानं समास बघायचा नाही. लिंगाला दोनच चौकटी ठेवा. सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये तृतीयपंथीयांना मान्यता दिली, ती बातमी अजून शिरोली नाक्यावर अडकलेली असणार.

आणि नमुना घेतल्याची वेळ काढून टाका. हे मी कसं विसरेन! जुन्या फॉर्मवर खाली डाव्या हाताला बारीक रकाना होता, ‘नमुना घेतल्याची वेळ’. नव्यात नाही. मी उठलो. म्हटलं साहेब, रक्त साध्या नळीत, म्हणजे फ्लोराइड नसलेल्या नळीत, तसंच पडून राहिलं की त्यातल्या पेशी साखर खात राहतात. तासाला 5 ते 7 टक्के सहज उतरते. पोटॅशियमचं उलटं, ते वाढून दिसतं. चंदगडकडनं निघालेली नळी आमच्या टेबलावर येईपर्यंत मधुमेहाचा माणूस कागदावर बरा झालेला असतो. वेळ लिहिलेली असली तर मला कळतं, की हा रिपोर्ट असाच सोडायचा नाही, पुन्हा रक्त मागवायचं. उपाशीपोटी घेतलंय की जेवणानंतर 2 तासांनी, तेही कुठं लिहायचं ते या कागदावर नाही. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “फॉर्म सुटसुटीत करायचाय ना.” सुटसुटीत! वर सात लोगो, खाली चार सह्या, मधे ‘संदर्भित करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम’ दोनदा, आणि वेळेसाठी दीड इंच जागा नाही. त्या दीड इंचावर काय छापलंय माहितीय? ‘आपल्या सेवेत सदैव तत्पर’. मी 22 वर्षं नळ्या हलवतोय. माझ्यासारखे या जिल्ह्यात कितीतरी आहेत. एकाला तरी आधी फोन करून विचारलं असतं, की बाबा, या कागदावरचं तू काय वाचतोस? नोंद घेतली, म्हणाले.

कोपऱ्यात आवृत्तीचा आकडा आणि तारीख अजिबात छापू नका. जुना कुठला, नवा कुठला हे ओळखण्यात लोकांचा वेळ बरा जातो.

फॉर्म कुणाच्या अखत्यारीत आहे तेही लिहून ठेवू नका. दवाखान्यानं समितीकडं बोट दाखवावं, समितीनं वरच्या कार्यालयाकडं, वरच्यांनी ‘स्थानिक पातळीवर बघा’ म्हणावं. समितीचं शेवटचं काम म्हणजे बरखास्त होणं, ते वेळेत उरका.

लागू करताना मात्र दणक्यात. नवा फॉर्म 1 मेपासून, म्हणजे सुट्टीच्या दिवसापासून. जुन्याला मुदत नको. आणि नवे गठ्ठे गावोगावी पोचलेत का हे बघायच्या भानगडीत पडू नका.

ते पोचले नव्हते. हे मला गेल्या आठवड्यात कळलं.

माझी आत्या गारगोटीकडं असते. 78 वर्षांची, गोठ्यात पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. तिथल्या डॉक्टरांनी वेळ न घालवता चिठ्ठी दिली आणि 108 नं ती दुपारी बाराला कोल्हापुरात आली. मी दारातच उभा. खिडकीवरच्या मुलानं चिठ्ठी उलटसुलट केली. “काका, हा जुना आहे. एक तारखेपासून नवा लागतोय.” म्हटलं ठीक आहे, तुमच्याकडचा द्या, मी भरतो. तर नाही, जिथनं पाठवलंय तिथनंच भरून यायला पाहिजे, सही-शिक्क्यासकट. तिकडच्या सिस्टरला फोन लावला. ती बिचारी म्हणाली, “दादा, आमच्याकडं अजून जुनीच पुस्तकं हायत. नवा कसा दिसतोय तेबी बघितलं नाही.” मी खिडकीवरच्या कोऱ्या फॉर्मचा फोटो काढून तिला पाठवला, तिनं झेरॉक्सच्या दुकानातनं प्रिंट काढून भरला, फोटो उलट पाठवला. “शिक्का ओरिजिनल पाहिजे.” शेवटी भाच्यानं मोटारसायकल काढली. तोवर आत्या बोळात स्ट्रेचरवर. वेदनेचं इंजेक्शन दिलं होतं, डॉक्टर दोनदा येऊन बघून गेले, त्यांची काही चूक नाही. पण कागद नाही म्हणून खाट नाही, खाट नाही म्हणून पुढचं काही नाही. साडेतीन तास. आत्या मला म्हणते, “आरं, माझं काय चुकलं का? सही नीट न्हाई का केली मी?”

मग मी खिडकीवर ओरडलो. ओरडायला नको होतं, पोरगं विशीतलं होतं. ते म्हणालं, “काका, माझ्यावर कशाला चिडताय? सगळ्यांना विचारून केलाय हा फॉर्म.” आणि मोबाईलवर इतिवृत्त काढून दाखवलं. ‘उपस्थित सर्व घटकांशी सविस्तर चर्चा होऊन नमुना एकमताने मंजूर.’ खाली हजेरी. 17 नंबरला मी.

म्हणजे माझ्या आत्याला साडेतीन तास बोळात ठेवणाऱ्यांत मीही होतो. एकमतानं.

तेव्हा आता नीट ऐका, समितीवाले. थट्टा पुरे. खुर्चीत बसून लोकांच्या दुखण्याचा कागद आखताना तुम्हाला जराही संकोच वाटत नाही? रात्री तीनला एका हातानं सलाईन धरून दुसऱ्या हातानं तो फॉर्म भरणारी सिस्टर तुम्ही कधी बघितलीय का? नसेल तर एक रात्र जाऊन तिच्या शेजारी उभे राहा. वीस कोरे फॉर्म द्या तिला आणि घड्याळ लावा, कुठं पेन अडतंय ते दिसेल. महिनाभर आधी मसुदा पाठवा, मराठीत. प्रत्येक रकान्यापुढं लिहा, हे भरणार कोण आणि वाचणार कोण. वाचणारा सापडला नाही तर तो रकाना उडवा. आमची सूचना नको असेल तर नको, पण का नको ते दोन ओळींत लिहायचं धाडस दाखवा. नवा फॉर्म शेवटच्या उपकेंद्रात पोचेपर्यंत जुना चालेल, असा कागद आजच्या आज त्या खिडकीवर चिकटवा. आणि फॉर्मच्या तळाला एका माणसाचं पद आणि फोन नंबर छापा, म्हणजे पुढच्या वेळी विशीतल्या पोरावर ओरडायची पाळी माझ्यावर येणार नाही.

आणि त्या इतिवृत्तातलं माझं नाव काढा. मी हॉलमध्ये शिरलो तेव्हा दारात एक कोरा कागद पुढं केला होता, “चहाची संख्या कळायला सही करा” म्हणून. मी चहासाठी सही केलीय.