वजनदार माणसांचे फोटो का काढायचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली आणि चार ओळींत आभार मानून मोकळं व्हावं असं वाटलं नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

शहराचं रूप पालटणाऱ्या माणसांची जी व्यक्तिचित्रं मी काढते आहे, त्यांबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बिल्डर, बँकर, बडे अधिकारी, संपादक यांना मऊ उजेडात बसवून फोटो काढणं ही भाटगिरी आहे, अमेरिकन फोटोग्राफर आर्नल्ड न्यूमन यांनी क्रुप या जर्मन उद्योगपतीचा काढला तसा निर्भीड फोटो काढायची माझी तयारी दिसत नाही, त्या बदलात ज्यांची घरं गेली ती माणसं मालिकेत कुठेच नाहीत, आणि फोटो आधी दाखवून, मंजूर करून घेतल्याशिवाय इतकी मोठी माणसं कॅमेऱ्यासमोर बसणारच नाहीत.

आधी क्रुपबद्दल. आल्फ्रीड क्रुपचा तो फोटो १९६३ मधला, एसेनच्या कारखान्यातला. न्यूमन यांनी दोन्ही बाजूंनी दिवे लावले, क्रुपला किंचित पुढे झुकायला सांगितलं आणि त्या क्षणी चेहरा भेसूर झाला. फोटो जबरदस्त आहे, यात वाद नाही. पण नाझी राजवटीत गुलाम कामगार राबवल्याबद्दल न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने क्रुपला १९४८ मध्येच दोषी ठरवलं होतं. न्यूमन स्वतः ज्यू होते. त्यांचे दिवे एका सिद्ध झालेल्या गुन्ह्यावर पडत होते. ज्या माणसाच्या निर्णयांबद्दल अजून भांडण चालू आहे, कागद बाहेर यायचे आहेत, त्याच्यावर तसाच उजेड टाकला तर ती निव्वळ युक्ती ठरेल. तशा उजेडात कोणीही खलनायक दिसतो. बघणाऱ्याला त्या माणसाच्या कामाची माहिती शून्य मिळते, फक्त माझं मत कळतं.

शिवाय चेहरा हा फार बेभरवशाचा साक्षीदार आहे. फोटोग्राफर युसुफ कार्श यांनी ३० डिसेंबर १९४१ रोजी कॅनडात ओटावाच्या संसद भवनात चर्चिलच्या तोंडातली सिगार काढून घेतली आणि वैतागलेला चेहरा टिपला. परिणाम काय झाला? तो वैताग जगाने करारीपणा म्हणून वाचला आणि चर्चिलची प्रतिमा आणखी उंचावली. माणसाला बेसावध गाठलं की सत्य हाती लागतं, असं आपण फोटोग्राफर मंडळी एकमेकांना सांगत आलो आहोत. मला ते पटत नाही. सत्तेत मुरलेल्या माणसाचा राग, थकवा, अगदी डोळ्यांतलं पाणीसुद्धा त्याच्याच खात्यावर जमा होऊ शकतं.

मग भाटगिरी नेमकी कशात असते? माझ्या मते ती उजेडात नसते, धूसर पार्श्वभूमीत असते. ८५ मिलिमीटरची लेन्स, उजेड आत घेणारं छिद्र १.८ वर, म्हणजे मोठं उघडं, डोळे लख्ख आणि मागचं सगळं विरघळलेलं. चेहरा देखणा येतो, आणि त्या माणसाने आयुष्यभर जे केलं ते लोण्यासारखं वितळून जातं. मागे झोपडी होती की काचेचा मनोरा, काही कळत नाही. म्हणून मी बहुतेक वेळा ३५ किंवा ५० मिलिमीटरची लेन्स वापरते, छिद्र ८ किंवा ११ पर्यंत लहान करते आणि कॅमेरा स्टँडवर ठेवते. शटर मंदावतं, समोरच्याला थोडं स्थिर बसावं लागतं, पण मागचा नकाशा वाचता येतो. मऊ उजेडाचं कारणही तेच आहे. कडक उजेडात अर्धी खोली काळोखात बुडते, आणि मला खोली हवी असते.

एक उदाहरण देते. नगररचनेतल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या खोलीत मी पोहोचले तेव्हा सहायकाने टेबल रिकामं करून फुलदाणी मांडली होती. मी विनंती केली की काम चालू असताना टेबल जसं असतं तसं ठेवा. फायली परत आल्या, विकास आराखड्याचा एक मोठा कागद उलगडला गेला. त्यावर पेन्सिलीने आखलेल्या रस्त्याच्या रेघा होत्या आणि रेघा खोडून सरकवल्याचे राखाडी डाग. बोलता बोलता ते तळहाताच्या कडेने कागदाची घडी सपाट करत होते, पुन्हा पुन्हा, त्याच डागांवरून. फोटोत चेहरा आहेच, पण मी फोकस धरला तो हातावर. एक रेघ बोटभर सरकली की कोणाचं घर वाचतं आणि कोणाचं जातं, हे ज्याला कळतं तो त्या हातावर थांबतो. त्या फोटोला तुम्ही ‘गोंडस’ म्हटलं आहे. पुन्हा एकदा कागदाकडे बघा, एवढीच विनंती.

न्यूमन यांचाच १९५९ मधला दुसरा फोटो मला क्रुपच्या फोटोपेक्षा जास्त शिकवून जातो. रॉबर्ट मोझेस सूट घालून लाल लोखंडी तुळईवर उभे आहेत, खाली ईस्ट रिव्हर, मागे मॅनहॅटनच्या इमारती. मोझेस कधीही निवडून आलेले नव्हते. नेमणुकीच्या पदांवर बसून त्यांनी काही दशकं न्यूयॉर्कचे महामार्ग, पूल आणि बागा ठरवल्या. क्रॉस ब्रॉन्क्स एक्स्प्रेसवेसारख्या रस्त्यांपायी हजारो लोकांना घरं सोडावी लागली. फोटोत त्यांना अवघडवणारं वरकरणी काहीच नाही. रुबाबदार माणूस, त्याचं शहर. पण चौकटीत दुसरं माणूस नाही, पायाखाली जमीन नाही आणि अख्खं शहर पाठीमागे. पुढे मोझेस यांच्या कामाची दुसरी बाजू लोकांसमोर येत गेली आणि तोच फोटो आरोपपत्रासारखा वाचला जाऊ लागला. न्यूमन यांनी त्यात नंतर काही मिसळलं नव्हतं. तुळई, नदी आणि शहर चौकटीत ठेवलं होतं, म्हणून हे वाचन शक्य झालं.

तुम्ही विचाराल, मग फोटोग्राफर रिचर्ड ॲव्हेडन यांचं काय? १९७६ मध्ये रोलिंग स्टोन या अमेरिकन नियतकालिकात त्यांची ६९ व्यक्तिचित्रं आली. अमेरिकेतले राजकारणी, बँकर, माध्यमांचे मालक, कामगारांचे पुढारी, सगळे कोऱ्या पार्श्वभूमीवर. तिथे खोली नाही, टेबल नाही. पण ती एकेकटी बघायची चित्रं नाहीतच. सलग पानं उलटताना सत्तेचं गोत समोर येतं, आणि शेतमजुरांचे नेते सेझर चावेझ त्याच रांगेत त्याच मापाने उभे असतात. ॲव्हेडन यांनी पार्श्वभूमीचं काम रांगेकडून करून घेतलं. मीही मालिका करते आहे ती याचसाठी. सुटा फोटो भिंतीवर लावायला मी देत नाही.

आता घरं गेलेल्यांबद्दल. तुमचा हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला आणि त्यावर माझं मत ठाम आहे. बिल्डरच्या फोटोशेजारी विस्थापित आजींचा फोटो लावला की मालिका लगेच न्यायी वाटू लागेल, हे मला कळतं. पण त्या जोडीत आजी स्वतःच्या गोष्टीसाठी येत नाहीत, बिल्डरच्या गोष्टीतला पुरावा म्हणून येतात. गरिबांचे चेहरे असे पुरावे म्हणून फार वापरले गेले, बहुतेकदा त्यांना न विचारता. फोटोग्राफर ऑगस्ट सँडर यांनी व्यक्तिचित्रांतून जर्मन समाजाची जी नोंद केली तिच्यात उद्योगपतीलाही स्वतःचं पान होतं आणि बेकारालाही. ती नोंद इतकी खुपली की त्यांच्या १९२९ च्या पुस्तकाच्या छपाईच्या प्लेट्स नाझींनी १९३६ मध्ये नष्ट केल्या. तसं काम करायचं तर ते स्वतंत्र, तितकाच वेळ देऊन करायला हवं.

आणि प्रभावशाली म्हणजे फक्त खुर्चीवाले, असं मी कुठे म्हटलं? शहरांवर लिहिणाऱ्या आणि लढणाऱ्या जेन जेकब्स यांचा १९६१ मधला एक फोटो आहे. न्यूयॉर्कच्या एका रेस्टॉरंटमधली पत्रकार परिषद, वेस्ट व्हिलेज या वस्तीच्या पुनर्विकासाला विरोध, आणि त्या कागदपत्रं वर धरून दाखवत आहेत. त्यांच्याकडे सरकारी पद नव्हतं. तरीही लोअर मॅनहॅटनमधून जाणारा मोझेस यांचा महामार्ग बारगळला त्यात त्यांचा वाटा मोठा होता. माझ्या मालिकेतल्या वस्ती समितीच्या अध्यक्षबाई आणि भाडेकरूंची बाजू मांडणाऱ्या वकीलबाई याच न्यायाने आल्या आहेत. त्यांना मी ‘बळी’ म्हणून बसवलेलं नाही. शहरात काय होणार आणि काय नाही, हे त्याही ठरवतात.

राहिला मंजुरीचा प्रश्न. फोटोखालच्या ओळीतली पदं, तारखा आणि निर्णयांचा तपशील मी त्या व्यक्तीला दाखवते, कारण तिथे चूक चालणार नाही. फोटो दाखवत नाही, निवड माझी असते, आणि हे बसण्याआधी लेखी ठरतं. हे ऐकून काही जण नकार देतात, तर काही जण स्वतःचा फोटोग्राफर पाठवू का असं विचारतात. त्यांना मी नाही म्हणते आणि पुढच्या माणसाला पत्र लिहिते.