‘रशियाने पेन्सिल वापरली’ ही गोष्ट खरी नाही

अवकाशात पेन चालेना म्हणून नासाने लाखो डॉलर ओतून खास पेन बनवलं आणि रशियनांनी मात्र साधी पेन्सिल वापरली, हा मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. इंजिनिअरिंगच्या नव्या मुलांपुढेही पाहुणे तो रंगवून सांगतात. मला याचा राग येतो, कारण संशोधन म्हणजे पैशाची नासाडी, असं आपण मशीन बनवायला शिकणाऱ्या मुलांनाच सांगतोय.

आधी पैशाचं बघू. हे पेन नासाने बनवलंच नाही. पेनचे कारखानदार पॉल फिशर यांनी ते १९६० च्या दशकात स्वतःच्या कंपनीच्या खर्चाने तयार केलं. नासाने कसून चाचण्या घेतल्या आणि १९६७ मध्ये सुमारे ४०० पेनं विकत घेतली, तीही एकेक काही डॉलरला.

पेन्सिल अमेरिकनांना सुचली नाही, हेही खोटं. तेही आधी पेन्सिलच वापरत होते. उलट अमेरिकेत ओरड झाली ती पेन्सिलींवरूनच: १९६५ मध्ये नासाने ३४ यांत्रिक पेन्सिली मागवल्या, प्रत्येकी जवळपास १२९ डॉलरला!

आणि पेन्सिल ‘साधी’ तरी कुठे? शिसाचं टोक मोडलं की तुकडा यानात तरंगत राहतो, डोळ्यात जाऊ शकतो. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, म्हणजे त्याची भुकटी उपकरणांत शिरली तर शॉर्टसर्किटची भीती. शिवाय लाकूड पेट घेतं. २७ जानेवारी १९६७ ला अपोलो १ च्या चाचणीत शुद्ध ऑक्सिजनने भरलेल्या यानात आग लागून तिघे अंतराळवीर गेले. त्यानंतर यानात जळू शकणारी प्रत्येक वस्तू संशयाने पाहिली जाणं स्वाभाविक होतं.

फिशर यांची करामत रिफिलमध्ये आहे. आप्पा बळवंत चौकातून आणलेलं साधं बॉलपेन टोक वर करून चालवून बघा, थोड्याच वेळात शाई तुटते. फिशर यांच्या बंद रिफिलमध्ये दाबाखालचा नायट्रोजन शाईला पुढे ढकलतो. शाई एरवी घट्ट असते, टोकाची गोळी फिरली की पातळ होते, त्यामुळे दाब असूनही गळत नाही.

राहिले रशियन. ते मेणाच्या पेन्सिलींनी लिहीत, पण त्यावर खूश नव्हते. फेब्रुवारी १९६९ मध्ये सोव्हिएत संघाने सोयूझ मोहिमांसाठी फिशर यांच्याकडूनच १०० पेनं आणि १००० रिफिली विकत घेतल्या.