धूळ पकडणाऱ्या पेटीची आंघोळ

हवा शुद्ध करणारी विजेची पेटी धूळ खाते, असा घरोघरी समज आहे. ती खात काही नाही. धूळ पकडते आणि तुम्ही धुवायला येईपर्यंत नीट जपून ठेवते. आत केसाएवढ्या टंगस्टनच्या तारा असतात, त्यांना काही हजार व्होल्टचा दाब. शेजारून जाणाऱ्या कणाला त्या विद्युतभार देतात आणि पुढच्या ॲल्युमिनियमच्या प्लेटा त्याला ओढून घेतात. १९०७ च्या सुमारास अमेरिकेत फ्रेडरिक कॉट्रेल यांनी ही युक्ती कारखान्यातल्या गंधकाम्लाच्या धुक्यावर चालवून दाखवली. त्यांच्यासमोर गंधकाम्लच होतं, म्हणून निभावलं. टॉवेलचं तूस नव्हतं.

आमच्या सोलापुरात, त्यातही पूर्व भागात लूमच्या आसपास राहणाऱ्यांकडे, हवेत धुळीपेक्षा कापूस जास्त. पुढची जाळी याच तुसासाठी असते. ती आठवड्याला झटकावी, ब्रशनं साफ करावी. नाही केली तर तूस आत शिरतं, दोन प्लेटांच्या मधे आडवं बसतं आणि ठिणगी पडते. चट्! एखाद्या वेळी असा आवाज आला तर चालतं. सारखी चटचट सुरू झाली की पाहुणे विचारतात, ‘आत फोडणी चाललीय का?’

प्लेटांचा गठ्ठा माहितीपुस्तिकेप्रमाणे एक ते तीन महिन्यांनी धुवायचा. माझ्या मते इथं महिन्याला धुवावाच. पण ‘आता धुवा’ सांगणारा पेटीचा लाल दिवा लागणं आणि नळाला पाणी येणं एकाच दिवशी जुळलं, तर तो गुरुपुष्यामृत योग समजावा. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या घरात टबभर पाणी पेटीला द्यायचं म्हणजे आधी घरच्यांची मंजुरी लागते.

मंजुरी मिळाली की आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, म्हणून काही मिनिटं थांबा. मग प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर दोन शेजारच्या प्लेटांना एकदम टेकवा. उरलीसुरली वीज तिथंच चट् करून संपते, तुमच्या बोटात येत नाही. गठ्ठा बाहेर काढताना त्यावरचा बाण कुठल्या दिशेला आहे ते बघून ठेवा. उलटा बसवला तर हवा आधी प्लेटांतून जाते, भार तिला नंतर मिळतो आणि भारलेली धूळ थेट भिंतीवर जाऊन चिकटते. मग काळा पट्टा दिसला की आपण रंगाऱ्याला शिव्या घालतो.

कढत पाण्यात भांड्यांचं लिक्विड घाला आणि गठ्ठा वीस-तीस मिनिटं बुडवून ठेवा. धुण्याचा सोडा नको, त्यानं ॲल्युमिनियम काळं पडतं. चिंच-लिंबूही नको. देवाची पितळी भांडी लख्ख करणाऱ्या हातांना इथं आवरावं लागतं. काथ्याला तर हातच लावू नका. प्लेटांमधली फट पाच-सहा मिलिमीटरची असते. एक प्लेट जरी वाकली तरी शेजारणीशी भांडण लागतं आणि पुन्हा चटचट. तारा मऊ कापडानं या टोकापासून त्या टोकापर्यंत हळुवार पुसा. त्यांवर पांढरी लव दिसली तर घरात केसांचं सिरम कोण लावतं ते शोधा. त्यातल्या सिलिकॉनची वाफ तारेपाशी आली की तिची वाळूच्या जातीची पूड होऊन बसते. हे सांगितल्यावर घरात जे होतं, त्याचा उपाय माहितीपुस्तिकेत नाही.

शेवटचं पाणी बोअरचं नको, फिल्टरचं घ्या. बोअरच्या क्षारांचा थर प्लेटांना धरून ठेवणाऱ्या चिनी मातीच्या किंवा प्लास्टिकच्या ठोकळ्यांवर बसतो, पावसाळ्यात ओल धरतो आणि वीज तिथूनच गळते. मशीन चालू दिसतं, दिवाही लागतो, फक्त धूळ पकडली जात नाही. सगळ्यात फसवा बिघाड हाच.

वाळवणं मात्र सोलापुरात सोपं. मे महिन्यात गच्चीवर ठेवा, पापडाआधी वाळेल. फक्त वावटळीची वेळ टाळा, नाहीतर धुतलेल्या गठ्ठ्यात अख्खी गच्ची येऊन बसते. पावसाळ्यात पंख्याखाली पूर्ण दिवस ठेवा. ओला गठ्ठा बसवला तर पेटीच सांगते, चटचटून.

एखादी तार तुटली तर पेटी लगेच बंद करा आणि तिचे दोन्ही तुकडे काढा. लोंबतं टोक प्लेटेला लागलं की सगळंच बंद पडतं. एका तारेविना पेटी थोडे दिवस चालते. झेरॉक्सच्या दुकानासारखा वास यायला लागला तर तो ओझोन. खिडकी उघडा, पेटी बंद ठेवा आणि तारा-प्लेटा तपासा. शेंगाचटणीच्या मिरच्यांचा ठसका मात्र पेटीनं थांबवावा, ही अपेक्षाच चुकीची. वासाचं काम कोळशाच्या थराचं. तो धुवायचा नसतो, संपला की बदलायचा असतो. पेटी स्वयंपाकघराजवळ ठेवलीत तर तेलाची चिकट पुटं चढतील, आणि कढत पाणी पुन्हा मागावं लागेल.

शेवटी गठ्ठा बाणानुसार आत सरकवा, खटका बसेपर्यंत झाकण दाबा. खटका नीट बसला नाही तर सुरक्षेचं बटण वीज पुढं जाऊ देत नाही आणि आपण उगाच मेकॅनिकला फोन करतो. राहिली पुढची जाळी. ती बहुतेक कुणीतरी पायपुसणं समजून दारात टाकलेली असते.