पडवीतल्या पेट्रोलच्या कॅनचं काय?

दिवाळीत फटाके ठरलेल्या वेळेतच वाजवावेत असं तुमच्या लेखात लिहिलंय ते पटलं, सुप्रीम कोर्टाने 2018 मध्येच दिवाळीला रात्री 8 ते 10 ठरवून दिलंय. पण आमच्या देवगडकडे खरी भीती घरात साठवलेल्या पेट्रोलची आहे हो. होडीच्या मशीनला लागतं, ग्रास कटरला लागतं, पंप लांब, म्हणून दोन-तीन कॅन पडवीत भरून ठेवतात, तेही पाण्याच्या प्लास्टिक कॅनमध्ये. मे महिन्यात कॅन फुगून टम्म होतो, झाकण सैल केलं की फुस्स करून वाफ बाहेर, आणि बाजूलाच न्हाणीची चूल पेटलेली!!

कायद्यात विनापरवाना 30 लिटरपर्यंतच मुभा आहे, तीही विकायचं नसेल तर, आणि धातूचा डबा 25 लिटरपेक्षा मोठा चालत नाही. हे गावात कोणाला माहितीये? दोन वर्षांपूर्वी आमच्या मांगरावर (गवत-गुरांच्या शेडवर) रॉकेट पडलं, आत गवताच्या पेंढ्या आणि कोपऱ्यात कॅन, वडिलांनी आधी तो कॅन उचलून बाहेर फेकला मग विहिरीवर धावले, अजून आठवलं की हातपाय थरथरतात. ग्रामसभेत फटाक्यांसोबत हा विषय पण घ्या, प्लीज.