‘आपल्याच माणसांच्या’ खाणी

गेला आठवडाभर गोव्यात डिचोली तालुक्यातल्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. सार असं: ‘नैसर्गिक संपत्तीची लूट हा आफ्रिकेचा प्रश्न. गोव्यातली लूट पोर्तुगीजांबरोबर 1961 ला संपली. आता खाणी आपल्याच माणसांच्या, सरकार त्यांच्यावरच चालतं. त्या बंद पाडणारे गोव्याचे वैरी.’ काल मामांनीही तो पाठवला. मामांना लिहिलेलं उत्तर इथे टाकतो.

‘1961 ला संपली.’ पोर्तुगीज गेले, पण त्यांनी लोहखनिज वगैरे काढायला दिलेले खाणपट्टे राहिले. त्यांना मुदतच नव्हती. मुक्तीनंतर पंचवीस वर्षं त्याच कागदांवर डोंगर पोखरले गेले. 1987 साली संसदेने ते पट्टे रद्द केले आणि त्याच कायद्याने त्यांची लीज, म्हणजे मुदतीचे भाडेपट्टे, करून टाकली. धनी तेच. देशातली नैसर्गिक संपत्ती तिथल्या जनतेची, असा ठराव संयुक्त राष्ट्रांनी 1962 मध्येच केला होता. आपल्या शेजारच्या सत्तरी तालुक्यापर्यंत तो पोचला नसावा.

‘आपल्याच माणसांच्या.’ खाणवाला कोकणी बोलतो म्हणून खनिज त्याचं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2014 मध्ये सांगितलं की या लीजची मुदत 22 नोव्हेंबर 2007 लाच संपली होती. म्हणजे तेव्हापासून 2012 मध्ये खाणींवर बंदी येईपर्यंत जे खोदलं, ते बेकायदा. मांडवी नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जांची रांग लागायची, ती हीच वर्षं. बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने नुकसानीचा अंदाज केला सुमारे 35,000 कोटी रुपये.

‘सरकार त्यांच्यावरच चालतं.’ 2009 पर्यंत लोहखनिजाची रॉयल्टी, म्हणजे खनिजाबद्दल सरकारला मिळणारी रक्कम, टनामागे ठरावीक होती, 30 रुपयांच्याही आत. चीनच्या मागणीमुळे मालाचा भाव तेव्हा काही हजारांत गेला होता. आजीच्या पाटल्या मोडीच्या भावात द्यायच्या आणि वर म्हणायचं, बघा, घर चाललंय! शिवाय खर्च कुणाच्या नावावर? मामा, तुमच्याच खालच्या शेतात पहिल्या पावसाला तांबडा गाळ उतरला होता, घोटाभर. लावणीसाठी पाय घातला तर तळाला चिखल लागेना, नुसता गिलावा. त्या वर्षी भात झालं नाही, ते कुठल्या हिशेबात धरलं?

‘वैरी.’ 2018 मध्ये पुन्हा खाणी थांबल्या, ट्रकांचे हप्ते थकले, घरं अडचणीत आली. हे खोटं नाही, आपल्या वाड्यावरही झालं. पण थांबल्या का? खाणींचा लिलाव सक्तीचा करणारा वटहुकूम 12 जानेवारी 2015 ला निघाला. त्याच्या आधीच 88 लीजचं नूतनीकरण उरकलं गेलं, काहींचं तर त्याच दिवशी. न्यायालयाने तेच रद्द केलं. उरकणाऱ्यांना वैरी म्हणायला मेसेज लिहिणारा विसरला.

खाणीच नकोत असं माझं म्हणणं नाही. माल लिलावाने जावा, पूर्ण मोल जनतेच्या निधीत पडावं आणि शेत-पाणी राखून काय ते काढावं.

आणि आफ्रिकेला नावं ठेवण्याआधी एवढं बघा: बोत्स्वानात हिरे काढणाऱ्या मुख्य कंपनीत निम्मा वाटा तिथल्या सरकारचा आहे.