बालीतल्या प्लॉटबद्दल खुलासा

मंडळी, ‘बालीत २० लाखांत प्लॉट, कायमचा आपल्या नावावर’ हा मेसेज रावेर-यावलच्या ग्रुपांवर फिरतोय. मीही तो पुढे पाठवला होता; चूक माझीच. नंतर इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्याचं भाषांतर वाचलं. पूर्ण मालकी, ‘हाक मिलिक’, फक्त तिथल्या नागरिकाला. परदेशी माणसाला मुदतीचा वापरहक्क किंवा भाडेपट्टा मिळतो, बस.

‘तिथल्या माणसाच्या नावावर घेऊ’ म्हणतात, ते तर जास्तच वाईट. कलम २६ नुसार असा व्यवहार रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसेही परत मागता येत नाहीत. केळीचा पैसा आहे भाऊ. सातबारा बघितल्याशिवाय आपण इथं गुंठासुद्धा घेत नाही.

तो मेसेज थांबवा. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.